मागणी मोजकी ठेवा: आयआर३५ विरुद्ध लढू पाहणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला

प्रश्न: ताई, मी ब्रिटनमध्ये आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे, रेडिंगजवळ राहतो. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालेला आहे, पासपोर्ट अजून भारतीयच. पूर्वी माझी लिमिटेड कंपनी होती आणि तिच्यातून काम करायचो. २०२१ मध्ये आयआर३५ चे, म्हणजे स्वतःच्या कंपनीतून नोकरासारखं काम करणाऱ्यांच्या टॅक्सचे, नियम बदलले आणि क्लायंटने सरळ कळवलं की लिमिटेड कंपनीवाले नकोत, अम्ब्रेलातून, म्हणजे आपल्याला कागदोपत्री नोकर ठेवून पगार देणाऱ्या मधल्या कंपनीतून, या नाहीतर राहू द्या. तेव्हापासून अम्ब्रेलात आहे. दिवसाचा दर ५०० पौंड, पण हातात काय येतं ते पाहिलं की रात्री झोप लागत नाही. माझ्याच पैशातून एम्प्लॉयरचाही टॅक्स कापला जातो. हक्क विचाराल तर कंपनीतल्या कायम नोकरांसारखं काहीच नाही. आम्ही सात-आठ मराठी कॉन्ट्रॅक्टर मिळून या कायद्याविरुद्ध मोहीम करायचं म्हणतोय. खासदारांना पत्रं, ऑनलाइन पिटिशन, जमलं तर वेस्टमिन्स्टरला निदर्शनं. मागणी एकच: आयआर३५ रद्द करा. पण पत्नी म्हणते, “आवाज केलास की एचएमआरसीची, टॅक्स खात्याची, नजर तुझ्यावर. आपण बाहेरचे आहोत, कशाला हात दाखवून अवलक्षण?” ग्रुपमधला एक जण वेगळंच सांगतो. त्याच्या ओळखीची एक अम्ब्रेला ८० टक्के पैसे हातात देते, मोहिमेच्या भानगडीत पडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. काय करू?
– एक त्रासलेला कॉन्ट्रॅक्टर

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि त्यातल्या शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. ८० टक्के हातात देणाऱ्या अम्ब्रेलाच्या वाटेला जाऊ नका. मित्रालाही जाऊ देऊ नका. यावर खाली सविस्तर लिहिते. मोहीम मात्र जरूर करा. आवाज करणं हा या देशात राहणाऱ्या माणसाचा हक्क आहे आणि तुमच्यावर खरोखरच अन्याय झालेला आहे. माझं म्हणणं आहे ते तुमच्या मागणीबद्दल. ‘आयआर३५ रद्द करा’ ही मागणी ऐकायला दमदार वाटते, पण या कायद्याचा आजवरचा इतिहास पाहिला तर अशी मागणी टिकत नाही. नेमकी, आकड्यांत मांडलेली, सरकारला दुरुस्त करता येईल अशी मागणी टिकते.

आधी तुमची पेस्लिप घेऊ, कारण मोहिमेचं सगळं बळ त्या कागदात आहे. आठवड्याला पाच दिवसांचे २,५०० पौंड एजन्सी अम्ब्रेलाला देते. अम्ब्रेला त्यातून आपलं मार्जिन काढते, समजा २५ पौंड. उरलेल्या २,४७५ मधून एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी, जातो. एप्रिल २०२५ पासून तो १५ टक्के झालाय आणि आठवड्याला ९६ पौंडांच्या वरच्या सगळ्या पगारावर लागतो. तुमच्या बाबतीत हे सुमारे ३०९ पौंड झाले. अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर) अर्धा टक्का, म्हणजे आणखी ११ पौंडांच्या आसपास. पेन्शन बाजूला ठेवली तर राहिले साधारण २,१५५ पौंड, आणि हा झाला तुमचा ‘ग्रॉस’. तुमचा इन्कम टॅक्स आणि तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स अजून कापायचाच आहे. सुट्टीचा पगार वेगळा मिळतो असं पेस्लिपवर दिसत असलं, तरी तोही याच २,१५५ च्या पोटातला.

तुम्ही लिहिलंत, ‘माझ्याच पैशातून एम्प्लॉयरचाही टॅक्स.’ भावना बरोबर आहे, पण खासदारासमोर हे वाक्य असंच्या असं टाकू नका. कायद्याच्या दृष्टीने ते २,५०० तुमचा पगार नव्हेच, तो एजन्सीने अम्ब्रेलाला द्यायचा दर आहे. तुमची एम्प्लॉयर अम्ब्रेला आहे आणि तिने आपला खर्च त्या दरातून भागवणं बेकायदा नाही. ट्रेझरीतला, म्हणजे अर्थखात्यातला, माणूस हे एका ओळीत सांगेल आणि तुमचं पत्र बाजूला पडेल. खरा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. तुम्ही लिमिटेड कंपनीतून काम करत होतात तेव्हाही दर ५०० होता, नियम बदलल्यावरही ५००च राहिला. नवा बोजा क्लायंटवर पडावा असं कायद्याचं रूप, प्रत्यक्षात तो दरातून तुमच्यावर सरकवला गेला. असं मांडलंत तर त्याला एका ओळीचं उत्तर नाही. त्यासाठी जुनी इन्व्हॉइसेस, नवी पेस्लिप आणि एजन्सीने कामाआधी दिलेलं की इन्फॉर्मेशन डॉक्युमेंट हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवा. एप्रिल २०२० पासून ते डॉक्युमेंट देणं एजन्सीला बंधनकारक आहे आणि कपातींचा नमुना त्यात असतो. दिलं नसेल तर मागा.

आता इतिहास. थोडा लांबेल, पण तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो माहीत हवा. ९ मार्च १९९९ ला तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्या बजेटच्या दिवशी इन्लँड रेव्हेन्यूने, म्हणजे तेव्हाच्या टॅक्स खात्याने, काढलेल्या पत्रकाचा क्रमांक आयआर३५, तेच नाव पुढे चिकटलं. एप्रिल २००० पासून नियम लागू झाला. दिसायला कंपनी पण वागायला नोकर अशा माणसाने नोकरासारखा टॅक्स भरावा, हा त्याचा हेतू. लढा त्याच वर्षी, १९९९ मध्येच, सुरू झाला. कॉन्ट्रॅक्टरांनी प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टर्स ग्रुप स्थापन केला. आज इप्से म्हणून ओळखली जाणारी संघटना ती हीच. त्यांनी वर्गणी काढून थेट हायकोर्ट गाठलं. युरोपीय कायदा, मानवी हक्क, सगळे मुद्दे मांडले. २००१ मध्ये हायकोर्टात हरले आणि त्याच वर्षी अपिलातही हरले. कायदा जसाच्या तसा राहिला.

त्यानंतर बरीच वर्षं फारसं काही बिघडलं नाही, कारण आपण आयआर३५ च्या आत की बाहेर, म्हणजे नियम आपल्याला लागू की नाही, हे कॉन्ट्रॅक्टरच ठरवायचा. २०१७ च्या एप्रिलमध्ये हा निर्णय सरकारी क्षेत्रात क्लायंटकडे गेला. खासगी क्षेत्रात तो एप्रिल २०२० मध्ये जायचा होता. कोविडमुळे १७ मार्च २०२० ला वर्षभर पुढे ढकलला आणि ६ एप्रिल २०२१ ला लागू झाला. चूक झाली तर टॅक्सचं बिल क्लायंटच्या किंवा एजन्सीच्या गळ्यात. मग क्लायंटने काय करावं? एकेकाचं काम तपासण्यापेक्षा सगळ्यांना एकाच काठीने हाकलं. तुम्ही त्यातले एक.

या काळात लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीने एप्रिल २०२० मध्ये फार चांगला अहवाल दिला. माणसाकडून टॅक्स नोकराचा घ्यायचा आणि हक्क मात्र शून्य द्यायचे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडलं. कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, खासदार डेव्हिड डेव्हिस यांनी बदल २०२३ पर्यंत पुढे ढकलण्याची दुरुस्ती आणली, ती पडली. आणि लॉर्ड्सचं घोडं कुठे अडतं तर पैशाच्या कायद्यात. १९११ च्या पार्लमेंट ॲक्टपासून टॅक्सच्या बाबतीत शेवटचा शब्द कॉमन्सचा. लॉर्ड्सचा अहवाल तुमच्या पत्रात आधाराला घ्या, पण मत कॉमन्समधलंच मिळवावं लागेल.

मग आला सप्टेंबर २०२२. मिनी-बजेटमध्ये तेव्हाचे चॅन्सलर (अर्थमंत्री) क्वासी क्वार्टेंग यांनी २३ सप्टेंबरला जाहीर केलं की २०१७ आणि २०२१ चे दोन्ही बदल एप्रिल २०२३ पासून रद्द. तुम्हीही तेव्हा आनंदाने एकमेकांना मेसेज पाठवले असतील. हजारो माणसांची वर्षानुवर्षांची मागणी एका भाषणात मान्य झाली. १७ ऑक्टोबरला नवे चॅन्सलर जेरेमी हंट उभे राहिले आणि बाजार शांत करण्यासाठी जे जे मागे घेतलं त्यात हेही गेलं. मधे गेले फक्त २४ दिवस. का गेलं ते लक्षात घ्या. सरकारच्या हिशेबात त्या रद्द करण्याची किंमत वर्षाला सुमारे २ अब्ज पौंड होती. पैशाची चणचण आली की असा आकडा पहिल्यांदा कापला जातो, मग सत्तेवर कुठलाही पक्ष असो. म्हणूनच ‘रद्द करा’ हा तुमच्या मोहिमेचा मथळा असू नये असं मला वाटतं. मनातलं स्वप्न म्हणून जपा, मागणीच्या कागदावर दुसरं लिहा.

याच्या उलट उदाहरण एप्रिल २०२४ चं. २०२१ च्या नियमात एक उघड अन्याय होता. एचएमआरसीने नंतर ठरवलं की कॉन्ट्रॅक्टर ‘आत’ होता, तर क्लायंटकडून पूर्ण टॅक्स वसूल व्हायचा, पण त्याच कामावर कॉन्ट्रॅक्टरने आणि त्याच्या कंपनीने आधीच भरलेला टॅक्स त्यातून वजा होत नसे. एकाच पैशावर दोनदा वसुली. या एका मुद्द्यावर संघटना, अकाउंटंट, मोठ्या कंपन्या, सगळे वर्षानुवर्षं बोलत राहिले. ट्रेझरीलाही तो नाकारता येईना, कारण न्याय्य उत्तर एकच होतं. एप्रिल २०२४ पासून वजावट सुरू झाली आणि २०१७ पर्यंतच्या जुन्या प्रकरणांनाही लागू झाली. ती अजून आहे. वर्तमानपत्रांत फारशी गाजली नाही. पण क्लायंटची भीती कमी करणारा यापेक्षा मोठा बदल गेल्या काही वर्षांत झालेला नाही.

तर तुमची मागणी कोणती असावी? मी तुमच्या जागी असते तर सगळं बळ अपिलावर लावलं असतं. आज क्लायंटने ‘आत’ असा निर्णय लेखी दिला, म्हणजे स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट दिलं, तर कॉन्ट्रॅक्टर हरकत घेऊ शकतो आणि क्लायंटला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ती हरकत ऐकणार कोण? तोच क्लायंट. निर्णय देणाराही तोच, अपील ऐकणाराही तोच. वर स्वतंत्र दाद मागायची सोयच नाही. आणि तुमच्यासारख्याला तर एवढंही मिळत नाही. ‘लिमिटेड कंपनी नकोच’ म्हटलं की निर्णय द्यायचा प्रश्नच येत नाही, मग हरकत कशावर घेणार? ही फट दाखवायला तुम्ही स्वतः जिवंत पुरावा आहात. ‘स्वतंत्र, स्वस्त आणि झटपट अपील द्या’ ही मागणी कुठल्याही पक्षाच्या खासदाराला मान्य करता येते, आणि तिची किंमत अब्जांत नाही.

जोडीला दुसरी एकच मागणी ठेवा, ती हक्कांची. टॅक्ससाठी नोकर आणि रोजगाराच्या कायद्यासाठी नोकर नाही, ही फारकत मिटवा. इथे मात्र स्वतःची बाजू नीट समजून घ्या. अम्ब्रेलात तुम्ही अम्ब्रेलाचे नोकर आहात, सुट्टी आणि आजारपणाचा वैधानिक पगार तुम्हाला आहे, फक्त तो तुमच्याच दरातून निघतो. ‘शून्य हक्क’ हे वर्णन खरं तर स्वतःच्या कंपनीतून ‘आत’ ठरलेल्याला लागू पडतं. ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर हा मुद्दा त्याने मांडावा, तुम्ही नको. ज्याचं दुखणं त्याने सांगितलं की पटतं.

आणि समोरच्याची बाजूही पाठ करा. ट्रेझरी विचारेल: शेजारी शेजारी बसून तेच काम करणारे दोघे, एकाच मॅनेजरचं ऐकणारे, मग एकाने कमी टॅक्स का भरायचा? हा प्रश्न लबाडीचा नाही. आपल्यातही असे होते की पाच-पाच वर्षं एकाच खुर्चीत बसले आणि स्वतःला स्वतंत्र म्हणवत राहिले. हे नाकारू नका. म्हणा की ज्याचं काम नोकराचं आहे त्याने नोकराचा टॅक्स भरावाच. पण ते ठरवायला काम तपासा. बदली माणूस पाठवता येतो का, कामाच्या पद्धतीवर ताबा कोणाचा, पुढचं काम देण्या-घेण्याचं बंधन आहे का, हे १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट निकालापासून कोर्टं तपासत आलीत. क्लायंटने यातलं काहीही न पाहता सगळ्यांना एकाच डब्यात बसवलं, ही तुमची तक्रार.

हे ठरवणं किती अवघड आहे याचा सर्वांत जोरदार पुरावा सरकारनेच दिलाय, तो पत्रात पहिल्या पानावर घ्या. डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सने कॉन्ट्रॅक्टरांचं वर्गीकरण चुकवलं आणि त्या खात्यालाच ८.७९ कोटी पौंडांचं टॅक्सचं बिल आलं. होम ऑफिसचं २.९५ कोटींचं. नॅशनल ऑडिट ऑफिसने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साठी केंद्रीय सरकारी खात्यांची अशी एकूण देणी २६.३ कोटी पौंडांवर मोजली. कायदा करणाऱ्यांच्या शेजारच्या इमारतीतल्या लोकांना, ‘आत’ की ‘बाहेर’ हे तपासायचं एचएमआरसीचं ऑनलाइन ‘सेस्ट’ टूल हाताशी असताना, जमलं नाही. मग मध्यम आकाराच्या कंपनीने घाबरून दार बंद केलं यात नवल काय?

आता खासदाराकडे जायचं कसं. ग्रुपने मिळून एक मसुदा बनवायचा आणि सगळ्यांनी तोच पाठवायचा, असा बेत असेल तर सोडून द्या. छापील पत्रांना छापील उत्तर येतं. प्रत्येकाने आपापल्या मतदारसंघाच्या खासदाराला लिहायचं, पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घालून, कारण दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं प्रकरण ते हातात घेत नाहीत. पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि काय काम करता. दुसऱ्यात तो पेस्लिपचा हिशेब, आठवड्याचा एकच, सगळ्या वर्षाचा नको. तिसऱ्यात अपिलाची मागणी. शेवटी एक नेमकी विनंती: हे पत्र ट्रेझरीच्या मंत्र्यांकडे पाठवून त्यांचं लेखी उत्तर मिळवून द्या. ही विनंती फार महत्त्वाची आहे. तुम्ही थेट ट्रेझरीला लिहिलंत तर कोणा अधिकाऱ्याचं साचेबद्ध उत्तर येईल. खासदाराने पाठवलेल्या पत्राला मंत्र्याच्या सहीने उत्तर यावं असा इथला रिवाज आहे, आणि मंत्र्याने लेखी दिलेलं वाक्य पुढच्या वेळी पुन्हा दाखवता येतं.

उत्तर आलं की खासदाराच्या सर्जरीची, म्हणजे मतदारांना भेटायच्या वेळेची, अपॉइंटमेंट घ्या. साधारण दहा-पंधरा मिनिटं मिळतात असं धरून चला. दोघांनी जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपून घ्यायचं. तिथे आयआर३५ चा इतिहास सांगत बसू नका, तो मी तुमच्यासाठी सांगितला. पेस्लिप टेबलावर ठेवा आणि बोटाने त्या ३०९ वर थांबा. मग विचारा: पुढच्या फायनान्स बिलाच्या वेळी तुम्ही यावर लेखी प्रश्न विचाराल का? हो-नाही असं उत्तर देता येईल असाच प्रश्न. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुम्हाला यात आर्थिक फायदा आहे हे तुम्हीच आधी सांगा.

तुम्ही मतदार नाही म्हणून तुमचं कोण ऐकणार, अशी शंका ग्रुपमध्ये असेल तर ती चुकीची आहे. ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी असलेले कॉमनवेल्थ देशांचे नागरिक संसदेच्या निवडणुकीत मतदान करू शकतात, आणि त्यात भारताचे नागरिक येतात. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. कितीतरी मराठी घरांत हे माहीतच नसतं, त्याची मला खंत वाटते. मतदार यादीत नाव आहे का ते या आठवड्यात तपासा, नसेल तर नोंदवा, पत्नीचंही. आणि पत्रात लिहा, ‘मी तुमच्या मतदारसंघातला नोंदणीकृत मतदार आहे.’

पिटिशनचं थोडक्यात. संसदेच्या पिटिशनला सुरुवातीला पाच समर्थक लागतात, ती सहा महिने खुली राहते, १०,००० सह्यांना सरकारचं लेखी उत्तर येतं आणि १,००,००० सह्या झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. सात-आठ जणांनी स्वतंत्र पिटिशन काढून दीडशे सह्यांवर अडकण्यापेक्षा चालू असलेल्या पिटिशनला बळ द्या. इप्सेसारख्या संघटनेचं सभासदत्व घ्या. बजेटआधी ट्रेझरी लेखी सूचना मागवते, तिथे ग्रुपच्या नावाने दोन पानांचं निवेदन टाका. निदर्शनांना जायचं असेल तर खुशाल जा. कायदेशीर निदर्शनात भाग घेतल्याने आयएलआरवर गदा येत नाही.

यावरून तुमच्या पत्नीच्या भीतीकडे येते. त्यांना चुकीचं ठरवू नका. परक्या देशात घर उभं केलेल्या माणसाला ही भीती वाटणारच. त्यांना सांगा की खासदाराला पत्र लिहिलं म्हणून एचएमआरसी कोणाची चौकशी सुरू करत नाही. चौकशी होते ती भरलेल्या किंवा न भरलेल्या कागदांवरून. म्हणून आवाज करण्याआधी आपलं घर तपासा. बंद केलेल्या कंपनीचे शेवटचे हिशेब, सेल्फ असेसमेंट, २०२१ आधीच्या कॉन्ट्रॅक्टच्या प्रती आणि तुम्ही तेव्हा ‘बाहेर’ का होतात याची नोंद, हे एका फाइलमध्ये लावा. अकाउंटंटकडून एकदा नजर टाकून घ्या. फाइल नीट असेल तर पत्नीच्या शंकेला तुमच्याकडे तोंडी दिलाशापेक्षा भक्कम उत्तर असेल. क्लायंटचं आणि एजन्सीचं नाव मात्र जाहीर लिखाणात घेऊ नका. करारात गोपनीयतेचं कलम असतं आणि पुढचं एक्स्टेंशन त्यांच्याच हातात आहे. खासदाराशी खासगीत बोलताना सांगायला हरकत नाही.

आणि आता तो ८० टक्क्यांचा मित्र. वरचा हिशेब पुन्हा पाहा. ५०० पौंडांच्या दरावर सगळा टॅक्स भरून ८० टक्के हातात येणं शक्यच नाही. एम्प्लॉयरचा भाग, मार्जिन आणि लेव्ही यांतच जवळपास १४ टक्के गेले, तुमचा इन्कम टॅक्स अजून सुरूही झालेला नाही. मग तो उरलेला पैसा येतो कुठून? बहुतेक वेळा थोडा पगार आणि बाकीचं ‘कर्ज’, ‘ॲडव्हान्स’ किंवा असंच काही नाव देऊन. कर्जावर टॅक्स नाही, म्हणून हात भरलेला दिसतो. याच प्रकारच्या योजनांवर सरकारने २०१७ च्या कायद्याने लोन चार्ज आणला. ५ एप्रिल २०१९ ला जे जुनं कर्ज शिल्लक होतं ते सगळं एका वर्षाचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स. सुरुवातीला तो १९९९ पर्यंत मागे जात होता. योजना विकणारे कधीच पसार झाले होते, बिल नर्सेस, सोशल वर्कर, प्रोग्रामर यांच्या दारात आलं. घरं गेली. काहींनी आत्महत्या केल्या. मला याबद्दल शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून एवढंच म्हणते: मित्राला आजच फोन करा. तो आधीच अशा योजनेत असेल तर बाहेर पडून लगेच एचएमआरसीकडे स्वतःहून कळवावं, स्वतंत्र टॅक्स सल्लागार गाठावा. योजनेनेच सुचवलेला सल्लागार नको. आणि तो मनाने खचलेला वाटला तर त्याला एकटं सोडू नका. समॅरिटन्सची हेल्पलाइन ११६ १२३ वर रात्रंदिवस विनामूल्य चालते.

याच लोन चार्जच्या लढ्यात तुम्हाला शिकण्यासारखं खूप आहे. पीडितांनी आपापल्या खासदारांना गाठून एक सर्वपक्षीय गट उभा केला. जानेवारी २०१९ मध्ये खासदार एड डेव्ही यांचं फायनान्स बिलातलं कलम सरकारला मान्य करावं लागलं. कलम साधंच होतं, ट्रेझरीने या चार्जचा आढावा घेऊन अहवाल द्यावा, इतकंच. पण वर्ष संपायच्या आत सर एमियस मोर्स यांचा स्वतंत्र आढावा आला आणि ९ डिसेंबर २०१० च्या आधीची सगळी कर्जं चार्जमधून वगळली गेली. चार्ज उठला नाही, पण दहा वर्षं जुन्या बिलांतून माणसं सुटली.

अम्ब्रेलांबाबतही हालचाल आहे. २०२४ च्या ऑटम बजेटमध्ये सरकारने जाहीर केलं की अम्ब्रेलाने टॅक्स बुडवला तर एप्रिल २०२६ पासून जबाबदारी एजन्सीवरही येईल. याने तुमचे ३०९ पौंड परत येणार नाहीत. पण एजन्सीला आता कुठल्या अम्ब्रेलात माणसं पाठवतो हे पाहावं लागेल, आणि मित्राच्या त्या ८० टक्केवाल्यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड होईल. तुमच्या एजन्सीला लेखी विचारा की त्यांनी तुमच्या अम्ब्रेलाची काय तपासणी केली. त्यांचं उत्तर फाइलमध्ये लावा.

पहिलं पत्र तुम्ही लिहा, ग्रुपची वाट पाहू नका. सात-आठ जणांचं एकमत होईपर्यंत बजेट येऊन जाईल. लिहून झालं की पत्नीला वाचायला द्या. त्या या व्यवसायातल्या नाहीत ना? मग उत्तमच. त्यांना जे वाक्य कळलं नाही ते खासदारालाही कळणार नाही, ते बदला आणि पाठवा.